वडी गरम पाडतात, बार गार झाल्यावर

या वेळचं पत्र शिकागोजवळच्या एका सबर्बमधून आलंय. थोडं कापून देतेय.

"ताई, माझी लेक सातवीत आहे, शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते. मे महिन्यात त्यांची कॉन्सर्ट आहे, गुरुवारी संध्याकाळी ७ वाजता, आणि नंतर कॅफेटेरियात सगळ्यांसाठी खाणं असतं. साइन-अप शीटवर मी उत्साहात 'डेझर्ट, १०० पीस' लिहून टाकलं आणि आता रात्री झोप लागत नाही. मी फुलटाइम नोकरी करते. शाळेत नट्स अजिबात चालत नाहीत. सासूबाई सध्या इथे आल्यात, त्या अंडं खात नाहीत, आणि नातीच्या कार्यक्रमात माझ्या हातचं त्यांनाही खाता यावं असं मनापासून वाटतं. डिसेंबरात मी ते बिस्किटाचा बेस, कंडेन्स्ड मिल्क, चॉकलेट आणि खोबऱ्याचे सेव्हन लेयर बार केले होते. चव मस्त होती, पण ओव्हनमधून काढून वीसेक मिनिटांनी कापायला गेले तर सगळा भुगा झाला, शेवटी वाटीत चमच्याने दिले. सासूबाईंना तर दोन घासांतच गोडमिट्ट वाटलं. नवरा म्हणतो दुकानातून कुकीज आण. मैत्रीण म्हणते डबे फोडून ओतायचं याला कोणी स्वयंपाक म्हणतं का, नारळाच्या वड्या कर. नॅनाइमो बारचेही फोटो बघितले, तेही आवडले. काय करू?"

अगं, बारच कर. तेच सेव्हन लेयर बार, ज्यांना तिकडे मॅजिक बारही म्हणतात. तुझा पदार्थ बिघडला नव्हताच, फक्त कापायची वेळ चुकली, आणि ती का चुकली ते मला तुझं पत्र वाचतानाच कळलं कारण आपल्या सगळ्यांच्या हाताला वडीची सवय असते. नारळाची वडी काय करतो आपण, मिश्रण गोळा व्हायला आलं की तूप लावलेल्या ताटात ओतायचं, वाटीच्या बुडाने थापायचं आणि गरम आहे तोवरच सुरीने रेघा मारून घ्यायच्या, कारण तो साखरेचा पाक आहे, गार होता होता साखर कडक होते आणि मग सुरी लावली की वडी वेडीवाकडी तुटते. बारचं नेमकं उलटं आहे. यात घट्ट धरून ठेवणाऱ्या गोष्टी तीन, बटर, चॉकलेट आणि कंडेन्स्ड मिल्क, आणि तिन्ही गरम असताना पातळ असतात. वीस मिनिटांनी तू सुरी लावलीस तेव्हा बेसमधलं बटर वितळलेलं होतं, चिप्स मऊ होत्या आणि दुधाचा थर अजून वाहत होता, मग धरणार कोण कोणाला? तोच ट्रे तू रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला असतास तर सकाळी त्याच्या चौकोनी वड्या पडल्या असत्या, बाकी काहीही न बदलता.

म्हणून या बारांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट रेसिपी नाही, वेळापत्रक आहे. गुरुवारचा कार्यक्रम ना, मग मंगळवारी रात्री भाजायचे, बुधवारी रात्री कापायचे, गुरुवारी फक्त उचलून न्यायचे. नोकरी करणाऱ्या बाईसाठी यापेक्षा सोयीचं डेझर्ट मला तरी माहीत नाही, कारण एक दिवस मुरल्यावर हे उलट जास्त छान लागतात. आणि मंगळवारही जमणार नसेल तर आधीच्या रविवारी भाज, ट्रे गार करून घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये टाक आणि बुधवारी सकाळी कामावर जाताना खाली फ्रीजमध्ये काढून ठेव, संध्याकाळी कापायला तयार.

आता १०० पीसचा हिशोब, कारण झोप त्यानेच उडालीये. ९ बाय १३ इंचांचा जो नेहमीचा बेकिंग ट्रे असतो त्याच्या वड्या सहा बाय सहा पाडल्या तर ३६ होतात, साधारण दीड इंच बाय दोन इंच. छोटे वाटतील तुला, पण हा पदार्थ इतका भरलेला आहे की तेवढा तुकडा पुरतो, शिवाय टेबलावर इतरांनी आणलेलंही असणारच आणि मुलं दोन-दोन उचलणारच. ३६ त्रिक १०८. म्हणजे तीन ट्रे. तीन ट्रेचं मिश्रण एकाच मोठ्या खोल ट्रेमध्ये घालायचा मोह होईल, तो मात्र टाळ, जाड थर झाला की कडा करपतात आणि मधलं कच्चंच राहतं.

एका ट्रेला लागतं ते असं. दीड कप ग्रॅहम क्रॅकरचा, म्हणजे तिकडच्या गव्हाच्या गोडसर बिस्किटांचा भुगा, अर्धा कप म्हणजे एक स्टिक वितळलेलं बटर, कंडेन्स्ड मिल्कचा १४ औंसांचा एक डबा, एक कप चॉकलेट चिप्स, एक कप बटरस्कॉच चिप्स, सव्वा ते दीड कप खोबरं आणि मूळ रेसिपीत एक कप पेकन किंवा अक्रोड, त्याचं काय करायचं ते खाली सांगते. याच्या तिप्पट आणायचं. क्रॅकरच्या एका खोक्यात तीन पाकिटं असतात, एका पाकिटाचा साधारण सव्वा कप भुगा निघतो, म्हणजे साडेचार कपांसाठी एक खोकं थोडक्यात कमी पडतं, दोनच आण. चॉकलेट चिप्सच्या १२ औंसांच्या दोन पिशव्या, बटरस्कॉचच्या दोन, खोबऱ्याची १४ औंसांची एक पिशवी पुरते. आणि डबे घेताना नीट वाच गं, कंडेन्स्ड आणि इव्हॅपोरेटेड मिल्कचे डबे शेल्फवर शेजारी शेजारी असतात आणि दिसायलाही सारखे. इव्हॅपोरेटेडमध्ये साखर नसते, ते नुसतं आटवलेलं पातळ दूध, त्याने बार कधीच धरणार नाहीत, बेस तेवढा भिजून जाईल.

करताना भुगा आणि बटर वेगळ्या भांड्यात कालव, चिमूटभर मीठ घाल. डब्यामागच्या जुन्या पद्धतीत बटर ट्रेमध्येच वितळवून वरून भुगा पसरायला सांगतात, पण त्यात काही जागी बटर साचतं आणि काही जागी भुगा कोरडाच राहतो, तो मग कापताना गळतो. लाडू वळण्याआधी आपण मूठ आवळून बघतो तसं बघ, मुटका वळला आणि बोटाने टोकरल्यावर फुटला की बरोबर आहे. ट्रेला पार्चमेंट पेपर लाव, आपण सरसकट बटर पेपर म्हणतो तो, आणि दोन बाजूंनी तो बाहेर लोंबता ठेव म्हणजे गार झाल्यावर सगळी लादी धरून उचलता येते. वॅक्स पेपर घेऊ नकोस, ओव्हनमध्ये त्यातलं मेण वितळतं आणि धूर होतो. मग भुगा पसरून वाटीच्या बुडाने थाप, अगदी वडी थापतो तसा, कोपऱ्यांत जास्त लक्ष देऊन, कारण कोपऱ्याचे तुकडे पहिल्यांदा मोडतात. नुसता बेस ७-८ मिनिटं आधी भाजून घेतलास तर तो दूध पिऊन मऊ पडत नाही. ही पायरी बरेच जण गाळतात, पण एक दिवस आधी करायचं असेल तर मी ती कधीच गाळणार नाही.

थरांचा क्रम हा वादाचा विषय आहे, कोणी दूध बेसवर ओततात आणि वर बाकीचं, कोणी बाकीचं पसरून सगळ्यात वर दूध. माझं मत विचारशील तर पाऊण डबा खाली, त्यावर चिप्स आणि खोबरं, आणि उरलेलं पाव वरून बारीक धारेने. खाली दूध असलं की चिप्स बेसला चिकटतात आणि वरच्या धारेमुळे खोबरं सुटत नाही. मग उलथन्याने किंवा काट्याने सगळं हलकं दाबायचं, हे दाबणं विसरू नकोस.

धातूचा ट्रे असेल तर ३५० फॅरनहाइट म्हणजे १७५ सेल्सिअसच्या आसपास, काचेचा असेल तर ३२५, कारण काच एकदा तापली की उष्णता धरून ठेवते आणि कडा आधी करपतात. २५ मिनिटांनी बघायला लाग. कडेला बुडबुडे आणि तपकिरी रंग, मध्ये फिकट सोनेरी आणि ट्रे हलवला तर किंचित थरथरतंय, तेव्हाच काढायचं. मधला भाग घट्ट व्हायची वाट बघशील तर कडा चिक्कीसारख्या दाताला लागतील. घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी दोनच ट्रे ठेव, अर्ध्या वेळेत वरचा खाली आणि खालचा वर कर, तिसरा नंतर एकटा. तिन्ही एकदम कोंबले की हवा फिरत नाही. ते वापरून फेकायचे ॲल्युमिनियमचे ट्रे घेणार असशील तर खाली कुकी शीट ठेवूनच उचल, नाहीतर ट्रे वाकतो आणि आतली लादी मधोमध तडकते, माझी एकदा कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तडकली होती आणि मी रडकुंडीला आले होते.

काढल्यावर दोन तास ओट्यावर जाळीवर, मग फ्रीजमध्ये रात्रभर. घाईत गरम ट्रे थेट फ्रीजमध्ये ठेवू नकोस, वाफ धरते आणि वर पाण्याचे थेंब येतात. दुसऱ्या दिवशी कागद धरून लादी उचल, पाटावर ठेव आणि लांब पात्याच्या सुरीने काप. सुरी गरम पाण्यात बुडवायची, पुसायची, आणि पुढे-मागे करवतायची नाही, सरळ वरून खाली दाबायची, प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसायची. आधी लादी मधोमध, मग प्रत्येक अर्ध्याचे तीन भाग, असं केलंस की पट्टीशिवाय सारखे तुकडे पडतात.

आता नट्स. शाळेने नाही म्हटलंय तर ते पूर्ण पाळायचं, "वरून काढून खा" वगैरे नाही, दुसऱ्याच्या मुलाच्या श्वासाचा प्रश्न असतो तो. पेकनच्या जागी एक कप जाडसर मोडलेले खारे प्रेटझेल, म्हणजे ती कडक खारी बिस्किटं, घाल. कुरकुरीतपणा मिळतो आणि मीठही, सासूबाईंच्या गोडमिट्टपणावरचा निम्मा इलाज तिथेच होतो. भोपळ्याच्या बियाही चालतात. पण चिप्सच्या, क्रॅकरच्या आणि प्रेटझेलच्या पिशव्यांवर मागे "ट्री नट्स (बदाम, अक्रोड, पेकन वगैरे) असलेल्या ठिकाणी बनवलेले" अशा अर्थाची ओळ आहे का ते बघ, ती छापणं कंपन्यांना सक्तीचं नाहीये, म्हणून ज्यावर ठळकपणे नट-फ्री लिहिलंय तेच घेतलेलं बरं. खोबऱ्याचं काय असा प्रश्न येणारच. अमेरिकेची एफडीए, म्हणजे अन्न आणि औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, बरीच वर्षं नारळाला लेबलसाठी ट्री नट्समध्ये धरायची, जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी तो त्या यादीतून काढला, तरी कित्येक शाळांचे कागद जुनेच असतात आणि काही मुलांना नारळाचीच ॲलर्जी असते, त्यामुळे ऑर्केस्ट्राच्या शिक्षकांना आधीच एक ईमेल टाक. नको म्हणाले तर शाळेच्या तिन्ही ट्रेमध्ये खोबऱ्याऐवजी कॉर्नफ्लेक्स किंवा ओट्स घाल आणि घरच्यांसाठी खोबऱ्याचा एक ट्रे वेगळा कर.

खोबरं कुठलं तेही महत्त्वाचं आहे. तिकडच्या बेकिंगच्या रांगेत मिळतं ते स्वीटन्ड फ्लेक्ड, म्हणजे साखर लावलेलं. त्याऐवजी अनस्वीटन्ड फ्लेक्स घे, गोडी लगेच उतरते. इंडियन ग्रोसरीतलं बारीक डेसिकेटेड खोबरं सगळं दूध शोषून घेतं आणि बार कोरडे होतात, अगदी तेच वापरायचं असेल तर एक कपच घाल. ओलं खोबरं, फ्रोझन पाकिटातलंसुद्धा, नको. त्यातल्या पाण्याने बेस भिजतो. चॉकलेट चिप्सही सेमीस्वीटऐवजी ६० टक्के डार्क घे, आणि बटरस्कॉच एक कपाऐवजी अर्धाच. एवढं केलंस की सासूबाई दुसरा तुकडा मागतील याची मला खात्री वाटते.

अंड्याचं म्हणशील तर मुळात यात अंडं नाहीच, म्हणूनच मी तुला ब्राउनी सुचवत नाहीये. केकमध्ये अंडं जे काम करतं ते इथे कंडेन्स्ड मिल्क करतं. फक्त मार्शमेलो घातलेले असेच थरांचे बार कुठे दिसले, स्मोअर्स बार म्हणतात ते, तर सासूबाईंसाठी ते घेऊ नकोस. साध्या मार्शमेलोत जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांच्या हाडां-कातड्यांपासून येतं. आणि ग्रॅहम क्रॅकरचं नाव ज्याच्यावरून पडलं तो सिल्वेस्टर ग्रॅहम हा एकोणिसाव्या शतकातला पाद्री, चाळणी न लावलेल्या गव्हाच्या पिठाचा आणि शाकाहाराचा प्रचार करणारा माणूस होता. हे सासूबाईंना नक्की सांग, आवडेल त्यांना.

नॅनाइमो बारबद्दल. कॅनडात व्हँकुव्हर बेटावर नॅनाइमो नावाचं गाव आहे, त्या गावाचा हा पदार्थ, खाली कोको-खोबरं-बिस्किटाचा थर, मध्ये पिवळं कस्टर्डचं बटरक्रीम, वर चॉकलेट. तिथल्या हॉस्पिटलच्या मदतीसाठी बायकांच्या मंडळाने १९५२ मध्ये काढलेल्या पाककृतींच्या पुस्तकात याची सुरुवातीची कृती सापडते. २०१९ मध्ये कॅनडा पोस्टने त्याचं तिकीट काढलं तर चित्रात थरांचं प्रमाण चुकलंय म्हणून लोक नाराज झाले होते, इतका जीव आहे त्यांचा त्यावर. भाजावा लागत नाही ही सोय, पण मूळ कृतीत बेसमध्ये अंडं असतं आणि अक्रोड किंवा बदामही, शिवाय तीन थर तीन वेळा करून तीन वेळा गार करायचे. मधला थर खोलीच्या उबेतही मऊ पडतो, मे महिन्यातल्या कॅफेटेरियात दीड तास उभा राहायचा नाही. घरी दहा माणसं जेवायला असतील तेव्हा जरूर कर, बेसमध्ये अंड्याऐवजी दोन-तीन चमचे कंडेन्स्ड मिल्क घालून. यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे ती कस्टर्ड पावडर, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८३७ मध्ये ती शोधली कारण त्याच्या बायकोला अंडी सोसत नव्हती आणि तिला कस्टर्ड फार आवडायचं.

राहिली तुझी मैत्रीण. तिचं बोलणं तुला लागलंय हे मला जाणवलं, म्हणून जरा थांबून सांगते. डबा फोडणं हा स्वयंपाक नाही असं म्हणायचं असेल तर मग आपल्या घरांत खव्याची पोळी, गुलाबजाम, श्रीखंड यातलं किती उरेल? खवा कोण घरी आटवतं आता, चक्का कोण टांगतं रोज? कंडेन्स्ड मिल्क म्हणजे तरी काय, दूध साखर घालून आटवलेलं. गेल बॉर्डन नावाच्या माणसाने १८५६ मध्ये दूध आटवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, निर्वात भांड्यात कमी आचेवर दूध आटवायची त्याची पद्धत होती, आणि फ्रीज नसलेल्या त्या काळात ते टिकायचं म्हणून पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने डब्यांच्या डब्यांनी विकत घेतलं. ओव्हनमध्ये तेच दूध पुन्हा आटतं आणि त्यातलं प्रथिन आणि साखर मिळून तपकिरी होतात, खमंग होतात, साताऱ्याच्या कंदी पेढ्याला जो भाजलेला वास असतो त्याच्याच जातीचा. तो वास घरभर सुटला की सासूबाई आपणहून स्वयंपाकघरात येतील बघ. आणि थरांचं म्हणशील तर गोव्याची बेबिंका एकेक थर ओतून, एकेक भाजून करतात, त्यात अख्खा दिवस जातो आणि तो मान तिचा तिला आहेच. पण ज्या बाईला मंगळवारी साडेसहाला घरी येऊन १०० पीस करायचेत तिने सात थर एकदाच ओव्हनमध्ये घातले तर त्यात कमीपणा कसला. नारळाच्या १०८ वड्यांसाठी किती नारळ खोवावे लागतील आणि किती वेळ कढईशी उभं राहावं लागेल ते मैत्रिणीलाही माहीत आहेच.

पुण्या-मुंबईकडून वाचणाऱ्यांसाठी पटकन, ग्रॅहम क्रॅकर नसले तर मारी घ्या, डायजेस्टिव्ह घेतलीत तर बटर दोन चमचे कमी करा कारण त्यात तूप-तेल आधीच जास्त असतं. छोट्या ओटीजीत ८ इंचांचा चौकोनी टिन बसतो, त्याला वरच्या प्रमाणाच्या निम्मं पुरतं, १७० सेल्सिअसला २०-२२ मिनिटांनी बघा. बटरस्कॉच चिप्स नाही मिळाल्या तर नुसतं डार्क चॉकलेट सुरीने जाडसर चिरून घाला, काही अडत नाही. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात कापलेले बार फ्रीजमध्येच ठेवायचे.

गुरुवारी नेताना तुकडे पुन्हा त्याच ट्रेमध्ये रच, दोन थरांमध्ये कागद घालून, झाकण असलेला ट्रे असेल तर उत्तमच, आणि गाडीत डिकीत न ठेवता एसी लागतो तिथे ठेव. कॉन्सर्ट सुरू व्हायच्या आधी टेबलावर मांडलेस तर खायच्या वेळेपर्यंत ते बरोबर मऊ होतात, फ्रीजमधून काढल्या काढल्या दाताला कडक लागतात. शेजारी एक कार्ड ठेव, मोठ्या अक्षरात, अंडं नाही, नट्स नाहीत, आणि गहू, दूध, सोया, नारळ आहे. चिप्समध्ये सोया लेसिथिन असतं बहुतेक वेळा, म्हणून तेही लिहायचं.

आणि कापायच्या आधी लादीच्या चारही कडा अर्धा बोट काढून टाकशील ना, त्यामुळे तुकडे नीट चौकोनी दिसतात, तर त्या कडा फेकू नकोस. सगळ्यात जास्त भाजलेल्या, खमंग झालेल्या त्याच असतात. एका डब्यात भरून ठेव, बुधवारी रात्री लेकीची शेवटची प्रॅक्टिस झाली की आजी-नात दोघींना दे.